अमावास्येची हातोडी

नांदरपूरच्या भूकंपाला सात वर्षं होईपर्यंत प्रल्हाद वडक्यांनी वाचवलेल्या माणसांची संख्या नवावरून एकोणिसावर गेली होती. भूकंप होऊन गेल्यावरही माणसं वाचत राहावीत, असं जगात दुसरीकडं कुठं घडल्याचं ऐकिवात नाही. पण दरवर्षी स्मृतिदिनाला शाल-नारळ हातात पडला आणि माईक समोर आला, की प्रल्हाददादांच्या तोंडून एखाद-दोन माणसं जास्तीची बाहेर पडत. पाचव्या वर्षी मंडईच्या ढिगाऱ्याखालून एक म्हैस निघाली आणि निघाल्या निघाल्या तिनं बचाव पथकाला चहापुरतं दूध दिलं. लोक हसले, टाळ्या पडल्या आणि म्हैस कायम झाली.

मूळ हकिगत मात्र खरी होती. वैशाखातली अमावास्या, सकाळचे दहा बेचाळीस. जमीन एकेचाळीस सेकंद हलली आणि तेवढ्यात शहराचा मधला भाग, म्हणजे घड्याळाचा मनोरा, मंडई, सराफ कट्टा आणि तांबट आळी, खाली बसला. दोनशे चौदा माणसं गेली. दुपारी बचाव पथकाची एक तुकडी कुत्रा आणि ऐकण्याची यंत्रं घेऊन तांबट आळीच्या तोंडाशी आली. तिथं धुळीनं पांढरेफटक झालेले प्रल्हाददादा उभे होते. तुकडीच्या प्रमुखानं विचारलं, "आत माणसं किती?"

"एकही नाही," दादा म्हणाले. "आज अमावास्या. अमावास्येला आमच्यात हातोडी उचलत नाहीत. आळीला कालपासून कुलपं आहेत. तुम्ही मंडईत जा, तिथं माणसं आहेत."

तुकडी मंडईत गेली आणि संध्याकाळपर्यंत तिनं नऊ माणसं जिवंत काढली.

यात कुणाला चूक काढता आली नसती. आळीत नुसते कारखाने होते, घरं कधीच टेकडीखालच्या वस्तीत गेली होती. आणि तांबटाची अमावास्या म्हणजे भट्टी थंड, हातोड्या धुऊन फडक्यात बांधलेल्या. गिऱ्हाईक दारात येऊन रडलं तरी त्या दिवशी भांड्यावर ठोका पडत नाही. म्हणून तर आळीतलं एकही माणूस त्या दिवशी गेलं नाही. आणि जिथं माणूसच नव्हतं तिथला ढिगारा चाळायचा कशाला, म्हणून पुढं आळीच्या पूर्वेकडच्या रांगेवर रोलर फिरवून गाड्या लावायची जागा केली. मंडई नवी झाली, हादरे झेलणाऱ्या रबराच्या जाड उशांवर उभी राहिली. मनोऱ्याला नवं घड्याळ आलं, ते पहिल्या दिवसापासून चार मिनिटं पुढं असतं. पश्चिमेकडच्या रांगेत हातोड्या पुन्हा वाजू लागल्या.

फक्त उमेशचा पत्ता नव्हता.

उमेश हा दादांचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी, आळी बंद करायच्या वेळी, त्यानं स्वतः घडवलेलं एक तपेलं दादांपुढं ठेवलं. तांब्याचं भांडं आकाराला आलं की त्यावर जवळजवळ ठोके घालून ते कडक करतात, त्याला मठार म्हणतात. चांगल्या हाताची मठार उन्हात माशाच्या खवल्यासारखी दिसते. दादांनी तपेल्यावरून हात फिरवला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "उमेश, याला देवी आल्यात का रे? तोंडभर वण दिसतायत."

आळी पोट धरून हसली. पन्नाशीला टेकत आलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मी उद्याच मुरादाबादला जातो. तिथं माणसाचं काम बघतात, घराण्याचं नाव बघत नाहीत." तपेलं काखेत मारून गेला. दुसऱ्या दिवशी भूकंप झाला आणि उमेश कुठंच सापडला नाही. सकाळच्या गाडीनं गेला असणार, असं सगळे म्हणाले. दादा सर्वांत आधी म्हणाले.

उमेशची बायको सारिका त्या दिवसांत माहेरी होती. परत आली ती जेवेना. तिसऱ्या आठवड्यात दादांनी पहिली थाप मारली: मुरादाबादच्या एका व्यापाऱ्यानं उमेशला पाहिलंय, दाढी वाढवलीय म्हणे. सारिका त्या दिवशी अर्धी भाकरी जेवली. मग थापांना पाय फुटले. उमेशनं मुरादाबादेत कारखाना काढला. उमेशच्या हंड्याला अशी मठार असते की नुसतं पाणी भरून ठेवलं तरी हंडा गुणगुणतो. दादांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात ही दोघंच. दुपारी जेवताना मुरादाबादची एखादी बातमी वाढली जायची, लोणच्यासारखी.

सात वर्षं असं चाललं. मग नांदरपुरात डॉक्टर रुबिना शिकलगार आली आणि जमीन बोलू लागली.

रुबिना भूकंपशास्त्रातली. आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावत दारोदार फिरलेले, नात जमिनीला कान लावून बसणारी. तिनं केलेली गोष्ट सांगायला सोपी आहे. शहराच्या पाण्याच्या नळांशेजारून एक काचेची तार पुरलेली होती. केसाएवढी बारीक, इंटरनेटची असते तशीच. भूकंपाच्या आधी दोन वर्षं पाणी खात्यानं ती गळती शोधायला टाकली होती. टेकडीवरच्या टाकीच्या खोलीतून एक यंत्र या तारेत सेकंदाला हजारो वेळा लेझरचा बारीक झोत सोडायचं. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक दोष असतातच, आणि प्रत्येक दोष आपल्यापुरता थोडा उजेड मागं पाठवतो. जमीन जरा दबली, की तार केसाच्या हजाराव्या भागाइतकी ताणली जाते आणि परत येणारा उजेड बदलतो. म्हणजे तारेचा मीटर अन् मीटर हा एकेक कान. नळ कुठं गळतो ते त्याला ऐकू यायचंच, पण वरून गाढव गेलं की माणूस, तेही ऐकू यायचं.

भूकंपात तार एका ठिकाणी तुटली. पण ती शहराभोवती कडं करून टाकलेली होती, त्यामुळं उजेड दुसऱ्या बाजूनं जात राहिला. वीज गेली तरी टाकीवरच्या खोलीला सौर पत्रे होते. यंत्र आपलं काम करत राहिलं. सगळं साठत गेलं आणि सात वर्षं एका कपाटात पडून राहिलं, कारण हजारो पावलांचा तो गलबला सोडवायची कुणाची टाप नव्हती. आता तसं शिकवलेलं यंत्र निघालं होतं. प्रत्येकाची चाल अंगठ्याच्या ठशासारखी वेगळी असते. टाच किती जोरात पडते, कुठल्या पायावर भार जास्त, वळताना थांबतो कसा. गेलेल्या माणसांची चाल यंत्रानं त्यांच्या दारातून रोज सकाळी निघणाऱ्या पावलांवरून ओळखली, आणि त्या दिवशी त्यांचं शेवटचं पाऊल कुठं पडलं ते दाखवलं. नगरपालिकेनं ठरवलं, त्या त्या जागी रस्त्यात काळा दगड बसवायचा, त्यावर नाव आणि वेळ.

गावात खळबळ उडाली ती दगडांमुळं नव्हे. मेलेल्यांची पावलं कळतात म्हणजे जिवंतांचीही कळणार, हे लोकांच्या ध्यानात आलं. भगवानराव नगरसेवकांनी भूकंपात तीन म्हाताऱ्या पाठीवर वाहिल्याचं गाव ऐकून होतं. जमिनीच्या म्हणण्याप्रमाणं ते मनोऱ्यापासून नदीच्या पुलापर्यंत एकटेच, न थांबता, निम्म्या वाटेनंतर अनवाणी धावले होते. रुबिनानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. भगवानरावच तिच्याकडं विचारायला गेले आणि तोंड पाडून बाहेर आले, एवढ्यावर गाव समजलं. त्यानंतर यंत्राला चकवायला म्हणून आठवडाभर निम्मं गाव लंगडत चालत होतं.

दादा मजेत होते. म्हणाले, "माझी पावलं बघा म्हणावं, सरळ मंडईकडं बोट दाखवताना सापडतील."

म्हणून रुबिनाचं बोलावणं आलं तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून टेकडी चढले.

टाकीच्या खोलीत एक टेबल, दोन पडदे, तीन खुर्च्या. रुबिनानं चहा दिला आणि म्हणाली, "काका, एक आवाज ऐकवते. यंत्राला माणसांची चाल शिकवलीय, हातोडी शिकवलेली नाही. त्याला तांबटाचा कान पाहिजे."

"कुठला आवाज?"

"त्या दिवशीचा. तांबट आळी, पूर्वेकडची रांग. सकाळी नऊ पाचपासून."

दादा हसले. "त्या दिवशी आळीत हातोडी वाजणं शक्य नाही. अमावास्या होती."

"ऐका तर."

ठोके आले. जमिनीतून आलेले, बोथट, रजईखाली कुणी ठोकावं तसे. दादांनी मान कलती केली. कारागीर माणूस, आधी कामच ऐकणार. भांडं फिरवत घातलेल्या सोळा-सोळा ठोक्यांच्या फेऱ्या होत्या, मध्ये थोडी विश्रांती. हात बरा होता, पण फेरी संपत आली की घाई करायचा; शेवटचे चार ठोके एकमेकांच्या अंगावर पडायचे.

हे दादांच्या चांगल्या ओळखीचं होतं. या चार ठोक्यांवरून त्यांनी तीस वर्षं एका माणसाला टोमणे मारले होते.

रुबिनानं आवाज पुढं नेला. साडेनऊ. दहा. ठोकणारा तीच फेरी पुन्हा पुन्हा घालत होता. घाई कमी होत गेली. दहा वीसला शेवटचे चार ठोके पहिल्या चारांसारखे पडले. मग पुढची फेरीही तशीच, त्याच्या पुढचीही. एकही वण राहिला नसता अशी मठार. दादांच्या तोंडून निघून गेलं, "जमलं की."

"कुणाला?" रुबिनानं विचारलं.

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी घसा साफ केला. "बाई, आमच्या मूळ पुरुषाची कथा तुम्हांला माहीत नसणार. खंडोजी तांबट. त्यानं एकदा इतका पातळ तांब्या घडवला की वाऱ्यानं उडाला. आळीतल्या पोरांनी पतंगाचा मांजा टाकून खाली ओढला. तो खंडोजी अमावास्येला येऊन हातोडी चालवतो म्हणतात. कुणी पाहिलेला नाही, पण..."

रुबिनानं त्यांना मध्ये तोडलं नाही. कथा आपोआप थांबली.

"दहा बेचाळीसला भूकंप झाला," ती म्हणाली. "तो भाग मी वाजवत नाही, नुसती गर्जना आहे. अकराला सात मिनिटं कमी असताना हे सुरू होतं."

सोळा ठोके आले. थोडी विश्रांती, पुन्हा सोळा. आता ते तांब्यावर नव्हते, दगडावर होते, पण फेरी तीच होती. ढिगाऱ्याखाली सापडलेला माणूस वेडेवाकडे ठोकतो, थांबतो, पुन्हा ठोकतो. इतकं मठारून मदत कोण मागतं? ज्याला खात्री आहे की वरून जाणारा तांबट हात ओळखेल, तो.

"किती वेळ?" दादांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊणपर्यंत. सव्वीस तास."

बाहेर टाकी भरत असल्याचा आवाज येत होता. रुबिना आवाज न चढवता म्हणाली, "पहिल्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी आळीच्या तोंडाशी सहा माणसं आणि एक कुत्रा येतो. चार मिनिटं थांबतात. त्यांच्यासमोर एक माणूस उभा आहे, डाव्या पायावर भार कमी टाकणारा. मग ते मंडईकडं वळतात. त्या चार मिनिटांतही ठोके चालू आहेत. वर ऐकू येण्यासारखे नव्हते, काका. त्यांचं यंत्र लावलं असतं तर आले असते."

दादांचा डावा गुडघा वीस वर्षांपासून दुखरा होता.

"यंत्र मेलेल्यांच्या यादीतली नावं शोधतं," ती म्हणाली. "या माणसाचं नाव यादीतच नाही. कुणी नाव दिलं तर तिथं खोदता येईल. नाही दिलं, तर गाड्यांच्या जागेत एक दगड बसेल, त्यावर अज्ञात लिहू. गुरुवारी दगडांची यादी जायची आहे. मी फक्त नाव विचारतेय. बाकी काही विचारत नाही."

"मला नाही ओळखता येत," दादा म्हणाले आणि उठले.

टेकडी उतरताना त्यांनी मनातल्या मनात तीन कथा रचल्या. एकीत हातोडीवाला परगावचा चोर होता. दुसरीत यंत्रच बिघडलं होतं. तिसरीत ठोकणारा तिसऱ्या तासाला मागच्या भिंतीतून निसटून नदीकडं गेला आणि पुढचे ठोके नळाचे होते. तिन्ही चांगल्या होत्या. तिसरी तर खास होती. घर येईपर्यंत एकही टिकली नाही.

सारिकानं ताट वाढलं. वांग्याचं भरीत, भाकरी, कांदा. नेहमीप्रमाणं समोर बसली. म्हणाली, "काय म्हणाली शिकलगारांची पोरगी?"

"काही नाही. पावलंबिवलं दाखवली."

"आणि मुरादाबाद? महिना झाला, काही खबर नाही."

दादांनी तोंड उघडलं. सवयीनं पहिलं वाक्य जिभेवर आलंही: उमेशनं म्हणे तिथं... ते तिथंच राहिलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"सारिका, उमेश मुरादाबादला गेलाच नव्हता."

तिनं वाढायचा चमचा खाली ठेवला.

"तो आळीत होता. अमावास्येला कुणी नसतं म्हणून गेला असणार. मागच्या नदीघाटानं, कुणी बघू नये म्हणून. हात सुधारत बसला होता. मी आदल्या दिवशी त्याला चारचौघांत..."

"ते मला माहितीय. त्यानं फोन केला होता त्या रात्री." सारिकानं पाण्याचा तांब्या सरळ केला. "रडत होता. म्हणाला, दादाला एकदा असं भांडं दाखवीन की तोंड बंद होईल. पण आळीत जाणार असं बोलला नव्हता."

"मुरादाबादच्या सगळ्या थापा होत्या."

"मला काय कळत नव्हतं? दाढी म्हणे. त्याला चार दिवसांची दाढी सहन व्हायची नाही, अंगावर पुरळ यायचं." तिनं ताटावरची माशी हाकलली. "तुम्ही सांगत होता म्हणजे तो जिवंत असावा असं तुम्हांलाही वाटतंय, एवढंच मी धरून होते. घरात दोघांना वाटतंय म्हणजे असेलही, असं. भूकंपात लगेच गेला का?"

इथं सोपं होतं. हो म्हणायचं. फार तर तासभर म्हणायचं. सात वर्षं ज्या जिभेनं नवाचे एकोणीस केले तिला सव्विसाचा एक करायला कितीसा वेळ लागणार होता?

"सव्वीस तास ठोकत होता," दादा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

सारिकाचे हात मांडीवर होते, तिथंच राहिले. तिनं विचारलं, "आणि ते कुत्रेवाले? ते तर सगळीकडं गेले होते."

"आळीच्या तोंडाशी आले होते. मी त्यांना सांगितलं, आत कुणी नाही."

ती उठली. स्वतःचं ताट घेतलं, वाढून घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन जेवली. सात वर्षांत तिनं दादांच्या आधी कधी जेवण उरकलं नव्हतं. बाहेर येऊन म्हणाली, "नाव द्या. आजच द्या. मी येते बरोबर."

नाव दिलं. गाड्या हलवल्या, डांबर फोडलं. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या तळघराची पायरी लागली, पाचव्या दिवशी उमेश. भिंतीला पाठ लावून बसलेला होता. शेजारी तपेलं होतं, वरून दबलेलं, पण एका अंगाची मठार शाबूत होती. आळीतले सगळे तांबट खड्ड्याच्या कडेला उभे होते. कुणीतरी तपेलं दादांच्या हातात दिलं. दादांनी त्यावरून हात फिरवला आणि ते पुढच्या माणसाकडं दिलं. ते आळीभर हातोहात फिरलं.

अंत्यविधी झाला. त्यानंतर चौथ्या दिवशी स्मृतिदिन आला.

दरवर्षीची शाल मंगल माळीण घालायची. ती मंडईतून निघालेल्या नऊ जणांतली, मेथीची जुडी बांधता बांधता गाडली गेलेली. ती शाल घेऊन पुढं आली तेव्हा दादांनी तिचा हात धरला आणि माईकवर सगळं सांगितलं. एकोणीस नव्हे, नऊ. म्हैस नव्हती. तुकडीनं आळीत यंत्र लावलं असतं तर माझा भाऊ सापडला असता, मी लावू दिलं नाही. चार मिनिटं पुरली त्याला.

पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडं बघू लागले. मंगल मात्र तिथंच उभी राहिली.

"दादा, मग आम्ही नऊ जणांनी काय करायचं?" ती म्हणाली. "तुमच्या दारात येऊन नाक घासायचं का, चुकून वाचलो म्हणून? ती माणसं आळीत शिरली असती तर मी तीन वाजायच्या आत गेले असते. छातीवर खांब होता माझ्या. मला काही कळत नाही बघा यातलं. शाल मी घालणार. ठेवा नाहीतर फेका."

तिनं शाल घातली. दादांनी ती फेकली नाही, पण घरी आल्यावर घडी करून कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली.

सारिका त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलत होती. मीठ कमी आहे, गॅस संपलाय, एवढंच. दादा म्हणून हाक मारत नव्हती. आणि एक दिवस सकाळी साडेनऊला तिनं चपला घातल्या.

"कुठं?"

"टाकीवर. शिकलगारांच्या पोरीला विचारलंय मी. सगळं ऐकणार आहे."

"सगळं?"

"त्यानं ठोकलं ते कुणीतरी ऐकायला नको?"

रुबिनानं तिला समजावून पाहिलं होतं. सव्वीस तास बसून ऐकणं कुणालाच झेपायचं नाही. शेवटी ठरलं, रोज एक तास, दहा ते अकरा.

असे सव्वीस दिवस सुरू झाले. पहिल्या दिवसापासून दादा तिच्या मागोमाग निघाले. ती पुढं, हे दहा पावलं मागं, हातात तिच्यासाठी पाण्याची बाटली. बोलावलेलं नव्हतं, नको असंही म्हटलेलं नव्हतं. ती आत जाऊन दार लावून घ्यायची आणि दादा बाहेर पायरीवर बसायचे. टाकीच्या रखवालदारानं पहिल्या दिवशी हौसेनं विचारलं, "दादा, एखादी झकास गोष्ट होऊन जाऊ द्या." दादांनी सुरुवातही केली, पण दाराआड काय चाललंय ते आठवून मध्येच थांबले. रखवालदार दोन-तीन दिवस वाट बघून नाद सोडून बसला.

चौथ्या दिवसाचा तास हा दुपारी दोनच्या जरा आधीपासून तीनच्या जरा आधीपर्यंतचा होता. त्यात ती चार मिनिटं होती. दादांना ते ठाऊक होतं. त्या दिवशी ती बाहेर आली, पायरीवर त्यांच्यासमोर उभी राहिली, त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं आता बोलेल. ती बाजूनं निघून गेली. पाण्याची बाटली त्यांच्या हातातच राहिली. पुढचा आठवडा घरात मिठाचंही बोलणं झालं नाही.

दिवस जात होते. खाली शहराच्या मध्यभागी गवंडी काळे दगड बसवत होते. दोनशे चौदा दगडांवर एकच वेळ होती, दहा बेचाळीस. दोनशे पंधराव्या दगडावर कुठली वेळ घालायची, असं नगरपालिकेच्या माणसानं घरी येऊन विचारलं तेव्हा सारिकानं दादांकडं न बघता सांगितलं, "दुसऱ्या दिवशीची. पाऊण." तो म्हणाला, वेगळं दिसेल. ती म्हणाली, "दिसू दे." आळीतल्या तांबटांनी एक बैठक घेतली आणि ठरवलं की रीत मोडायची नाही, अमावास्येला कारखाने बंदच राहतील. पण बंद करताना प्रत्येकानं दार उघडून आत हाक मारायची आणि मगच कुलूप घालायचं. रुबिनाचा अहवालही गेला: यापुढं कुठंही भूकंप झाला, की पथक रस्त्यावर उतरण्याआधी तिथल्या तारेवरचे ठोके ऐकायचे. चार शहरांनी मागणी केली होती.

विसाव्या दिवसानंतर ठोक्यांमधली विश्रांती वाढू लागली असणार. सारिका सांगत नव्हती, पण ती आत गेल्यावर पुढच्या ठोक्याची वाट बघत खुर्ची सरकवल्याचा आवाज आता दोन-दोनदा येत होता. बाविसाव्या दिवशी तिनं पायरीवर थांबून बाटलीतलं पाणी घेतलं. पंचविसाव्या दिवशी टेकडी उतरताना ती मध्येच थांबली, दादा मागची दहा पावलं चालून येईपर्यंत. मग दोघं एकाच चालीनं उतरली.

सव्विसाव्या दिवशी दादा पायरीवर बसले. दार लागलं. पाच मिनिटांनी उघडलं.

"आत या," सारिका म्हणाली. "शेवटचा तास मी एकटीनं नाही ऐकणार."

दादा आत गेले. रुबिनानं तिसरी खुर्ची पुढं केली. तिघं बसली. पडद्यावर बारीक हिरवी रेघ सरकत होती. बराच वेळ काही नव्हतं, नुसती लांबवर कुठंतरी चाललेल्या जेसीबीची घरघर. मग ठोका आला. थोड्या वेळानं दुसरा. आता सोळांची फेरी उरली नव्हती, पण दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं होतं. घाई कुठंच नव्हती.

"काय म्हणतोय तो?" सारिकानं विचारलं. "तुम्हांला हातोडीतलं कळतं. सांगा."

दादांना दहा गोष्टी सांगता आल्या असत्या. तो तुला हाक मारतोय. तो म्हणतोय, दुखत नाही. तो म्हणतोय, दादा, तुझा राग नाही. एकेक वाक्य तयार होतं, आणि त्यातलं कुठलंही तिनं आयुष्यभर जपून ठेवलं असतं.

"काही म्हणत नाही," ते म्हणाले. "नुसता ठोकतोय. हात थकलाय, पण ठोका चुकू देत नाही."

सारिकानं मान हलवली.

पाऊण वाजायच्या सुमाराला एक ठोका आला. त्यानंतर दुसरा आला नाही. रुबिनानं थोडं थांबून यंत्राकडं हात नेला.

"राहू द्या," सारिका म्हणाली.

रेघ सरकत राहिली. जेसीबी थांबला. मंडईच्या बाजूनं पुष्कळ पावलं आली, पळत, मग एका जागी गोळा झाली. कुणाला तरी उचलून नेत असावेत, कारण चार माणसांची पावलं एकदम जड झाली आणि सांभाळून, सांभाळून चालू लागली. सारिका पुढं वाकून ऐकत होती. तास संपायला अजून सात-आठ मिनिटं होती आणि ती पुरी होईपर्यंत कुणीही उठलं नाही.